हैदराबादेत खालती म्हणजे कुठे?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. प्रवासाहून आल्यावर पिशव्या झटकल्या की तळातून शेंगदाणे, बटणं, कोणाचातरी एकच मोजा निघतो, तसे ते निघतात. आम्हाला हैदराबादहून येऊन दोन महिने झाले, तरी आमच्या पिशव्या अजून झटकून संपलेल्या नाहीत. वाडीत बारसं असो की साखरपुडा, कोणीतरी म्हणतंच, "सुजाता, तो हैदराबादचा सांग गो!" कुठला तो, हे मला विचारावं लागतं. कारण आम्ही तिकडे नीट असं काही केलंच नाही!

आधी माणसं सांगते. आमचे हे, म्हणजे महेश, मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला. वर्षातून दहा दिवसांची रजा. धाकटे दीर संदेश भावोजी, संगमेश्वर ते देवरूख प्रवासी गाडी चालवतात. गाडी त्यांचीच, सात सीटची. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. आणि माझी स्वरा.

स्वराला तेव्हा तीन वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी होते आणि ती एक शब्द बोलत नव्हती. आई नाही, पाणी नाही, काही नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले. म्हणाले, "तिला सगळं समजतंय. बोलत राहा तिच्याशी, चार माणसांत न्या. तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाही तर घेऊन या, मग पुढचं बघू." तेव्हापासून मी एकेक दिवस मोजत होते. त्यात शेजारची काकी येता-जाता म्हणायची, "नाव ठेवलंन स्वरा, आणि स्वर एक नाय!"

हे रजेवर आले आणि म्हणाले, "चार माणसांत न्या म्हणाले ना? हैदराबादला नेऊ. तिथे चाराला काय तोटा!" आत्यांच्या खोलीत कॅलेंडर होतं, त्यावर तळ्याच्या मधोमध उभी असलेली बुद्धाची मोठी मूर्ती. ती बघायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. राहायचं कुठे? ह्यांनी मोबाईलवर बघितलं होतं की लोक गाडीतच झोपतात, रस्त्याकडेला रांधतात. त्याला कॅम्पिंग म्हणतात.

आत्या म्हणाल्या, "आमी बैलगाडीतून लग्नाला जायचो, वाटेत चूल मांडायचो, ता काय मग?"

झालं. ताडपत्री, गॅसची छोटी शेगडी, तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, हर्णेचे सुके बोंबील. निघालो आंबा घाटाने.

* * *

पहिला मुक्काम सोलापूरच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत. सकाळी भावोजींनी गाडीच्या मागे चार काठ्यांवर ताडपत्री बांधली. आत्यांनी चहा ठेवला, मी पोहे टाकले.

एक ट्रकवाला आला, चटईवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, दोन चाय, एक पोहा."

आत्या माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. हे तोंडात ब्रश घालून उभे. आत्यांनी चहा दिला, पोहे दिले. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? तोपर्यंत अजून तिघे आले. एकाने पोह्यावर शेव मागितली! मी पिशवीतून स्वराच्या खाऊची शेव काढून दिली.

आठ वाजले, नऊ वाजले. हे गाडीमागे येऊन कुजबुजले, "आई, आपल्याला हैदराबादला जायचंय की इथेच धंदा लावायचाय?"

आत्या म्हणाल्या, "मग ऊठ सांगू त्यांना? पाव्हणं उठल्याशिवाय यजमान कसा उठंल!"

शेवटी जो पहिला आला होता तोच उठला. त्याने हिशेब विचारला. आत्या म्हणाल्या, "घरचं हाय." तो ताडपत्रीकडे, शेगडीकडे, स्वराकडे बघून म्हणाला, "तो ये... घर है?"

* * *

हैदराबादच्या बाहेरून एक मोठा गोल रस्ता आहे. तिथे पोचल्यावर भावोजी म्हणाले, "दादा, मोबाईल लाव." हे म्हणाले, "मी बारा वर्षं मुंबईत आहे. मला शहर शिकवू नको. डावी धर!"

डावी धरली. मग पूल. पुलावरून पूल. एके ठिकाणी बिर्याणीच्या हॉटेलची मोठी पाटी दिसली, लाल पगडीवाल्या माणसाचं चित्र. थोड्या वेळाने परत तशीच पाटी. मग परत. चौथ्यांदा पगडीवाला दिसला तेव्हा आत्या न राहवून म्हणाल्या, "काय बाय ह्या माणसाचं नशीब! आख्ख्या गावात ह्याचीच हाटेलं!"

हे म्हणाले, "मोठ्या शहरात असंच असतं आई. शाखा असतात."

पाचव्या वेळी भावोजींनी गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. पगडीवाल्याखाली एक पिवळा कुत्रा झोपला होता. "दादा," ते म्हणाले, "कुत्र्याच्या पण शाखा असतात काय?"

* * *

मुक्कामाला ओळखीतून एका विहाराच्या आवाराची सोय झाली होती. जयभीम झाला, माणसं चांगली. गाडी कडेला लावा, नळ वापरा, म्हणाले.

पण आमचे बोंबील! वाटेत पाण्याचा कॅन लवंडून पिशवी ओली झाली होती. आत्यांनी ते गाडीच्या टपावर, कॅरिअरला दोरी बांधून वाळत घातले. तासाभरात आवारात एक मांजर आलं. मग दोन. मग मोजायचं सोडून दिलं. सगळी गाडीभोवती गोल करून बसली, वर बघत. ओरडणं नाही, भांडण नाही.

तिथले एक म्हातारे गृहस्थ आले, मांजरांना वळसा घालून उभे राहिले. म्हणाले, "आम्ही इथे रोज सायंकाळी ध्यानाला बसतो. इतकं शांत आमच्यातलं कोणी बसत नाही."

स्वरा मात्र खूश. बोट दाखवून माझा पदर ओढायची. मी म्हणायचे, "माऊ! म्हण, माऊ!" ती हसायची. आत्यांनी बोंबील खाली काढले तेव्हा सगळी मांजरं एका सुरात 'म्याव' म्हणाली, माझी पोर नाही म्हणाली.

* * *

बुद्धाची मूर्ती काठावरून बघितली तर बोटाएवढी. आत्यांचं तोंड उतरलं. "कॅलेंडरात मोठी होती गो," म्हणाल्या.

मग होडीत बसलो. मी स्वराला दोन्ही हातांनी धरलेलं, वर साडीच्या पदराने माझ्या पोटाशी बांधलेलं. ह्यांनी विचारलं, "तू बसलीयस की तिला पार्सल केलंयस?" मी पाण्याकडेसुद्धा बघत नव्हते.

जसजसं जवळ गेलो तसतशी मूर्ती वाढत गेली. वाढत गेली ती थांबेचना. पायाशी उतरलो तेव्हा मान मागे टाकून टाकून आत्यांचा पदर डोक्यावरून पडला. त्यांनी तो परत घेतला नाही. हात जोडले, डोळे मिटले, वंदना म्हटली. सगळी म्हटली, एक ओळ सोडली नाही. आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आमची नात तेवढी बोलू दे."

मी गोंधळले. आमच्यात तसं मागायची पद्धत नाही, आणि हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, "आत्या, आपल्यात नवस नसतो ना?"

त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "नवस कुठं केला? नुसतं कानावर घातलं!"

* * *

तळ्याकाठी चहा प्यायलो. चहावाल्याने विचारलं कुठले. ह्यांनी सांगितलं, रत्नागिरी. तो म्हणाला, "रत्नागिरी? परसों तुमारे गाँव के लोगां आए थे! मोटे से, मूँछवाले."

आत्यांनी कप खाली ठेवला. "मोठ्या मिशांचे? आपला तात्या!" तात्या म्हणजे त्यांचे चुलत दीर. त्यांना आम्ही बरोबर चला म्हणून दोनदा विचारलं होतं, आणि ते गुडघा दुखतो म्हणाले होते. "गुडघा दुखतो आणि आमच्या आधी येऊन गेला! महेश, लाव त्याला फोन!"

फोन लावला. तात्या बिचारे गोठ्यात. आत्या सुरू! "आमच्यासंगती यायला लाज वाटली काय? चहावाल्यानं बगितलान तुला!" तात्या पलीकडून नुसते "कोण? कुठला चहा?" करतायत. आत्या म्हणतात, "बग, नाटक बग!"

मला आपलं वाटलं, एकदा विचारावं. मी चहावाल्याला विचारलं, "भैया, परसों मतलब कब?"

तो विचारात पडला. "परसों... मेरे बड़े की शादी नहीं हुई थी तब. अब उसका बच्चा चौथी में है."

तात्या अजून आमच्याशी बोलत नाहीत.

* * *

गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर खालच्या दरवाज्यात टाळी वाजवली की पार वरच्या टोकाला ऐकू येते. स्वराला घेऊन एवढ्या पायऱ्या मला जमणार नव्हत्या. म्हणून मी आणि आत्या खाली थांबलो, हे आणि भावोजी वर गेले. ठरलं असं, की अर्ध्या तासाने मी टाळी वाजवायची, ह्यांनी वरून रुमाल हलवायचा.

अर्धा तास झाला. पण तिथे सगळेच टाळ्या वाजवतायत! शाळेची सहल आलेली, शंभर पोरं, दोनशे हात. मी वाजवली, पण त्यात माझी कुठली? स्वराने बघितलं, तिनेही वाजवली. मग थांबेचना. तोंडातून शब्द नाही, पण टाळ्या अशा की सहलीच्या बाई वळून बघायला लागल्या. वर रुमाल हलला की नाही तेही दिसलं नाही, एवढं ऊन.

हे खाली आले आणि म्हणाले, "ऐकली हां तुझी टाळी!"

मी म्हटलं, "काहीतरीच! एवढ्यांत माझी कशी ओळखलीत?"

"एकच टाळी घाबरलेली होती."

* * *

आता हा किस्सा वाडीत सगळ्यात जास्त मागितला जातो.

आमची वाडी डोंगराच्या उतारावर. त्यामुळे आमच्याकडे सगळं वरती नाहीतर खालती. शाळा वरती, एसटीचा थांबा खालती. वरतीकडची काकी, खालतीकडची काकी. उजवं-डावं आम्ही जेवताना हात धुण्यापुरतं वापरतो.

चारमिनारला जायच्या दिवशी सकाळपासून मी स्वराला कडेवरून उतरवलं नव्हतं. एवढी गर्दी, आणि पोर हरवली तर? दुसरी मुलं निदान नाव तरी सांगतात. ही काय सांगणार? म्हणून मी तिच्या हातावर पेनाने लिहिलं, 'स्वरा', आणि खाली माझा नंबर.

भावोजींनी आम्हाला चारमिनारपाशी उतरवलं आणि गाडी लावायला गेले. थोड्या वेळाने त्यांचा ह्यांना फोन, "गाडी खालती लावलीय." हे आम्हाला म्हणाले, "कोण चुकलं तर रडारड नको. सरळ खालती यायचं, गाडीपाशी." आम्ही माना हलवल्या. आणि चुकलोच! कोणाच्यातरी लग्नाची खरेदी आमच्यामधून गेली, वीस-पंचवीस बायका. ती गेली तेव्हा मी आणि स्वरा एवढ्याच उरलो.

खालती यायचं. पण तिथे जमीन ताटासारखी सपाट! मी एका जागी गोल फिरून बघितलं, कुठूनच कुठे उतार नाही. पाणी सांडून बघावं असंसुद्धा मनात आलं. ह्यांना फोन केला, तर म्हणाले, "मी केव्हाचा खालती आलोय! एका दुकानाच्या बेसमेंटमध्ये. मोठ्या शहरात गाड्या खालतीच असतात. पण गाडी दिसत नाही." भावोजींना केला, तर म्हणाले, "मी पण खालतीच! ज्या बाजूला आपला समुद्र, त्या बाजूला." मी विचारलं, "इथून समुद्र कुठल्या बाजूला?" ते म्हणाले, "संध्याकाळी कळेल, सूर्य बुडेल तिकडे."

आणि आत्या? त्यांच्याकडे फोन नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एक माणूस म्हणाला, "हॅलो, स्वरा आपकीच है क्या?"

मी बघितलं. स्वरा माझ्या कडेवर, माझ्या गळ्यातली पोत तोंडात घालून. मी म्हटलं, "हां, मेरी है."

"इधर बैठी है. रास्ता भूल गई."

"भैया, मेरी स्वरा मेरे पास है."

"नहीं अम्मा. हाथ पे लिखा है. स्वरा. नंबर भी आपकाच है."

मग ही कोण? गर्दीत दुसऱ्याचीच पोर उचलली काय मी? खोटं नाही सांगत, मी तिला वळवून तिच्या कानामागचा तीळ बघितला! तीळ होता. मी कसंबसं विचारलं, "कितनी बड़ी है?"

"होगी साठ-पैंसठ की. चाय दिए तो बोली, शक्कर कम."

सकाळी पेन उठतंय की नाही हे बघायला मी तेच सगळं आधी आत्यांच्या तळहातावर लिहिलं होतं.

त्या माणसाकडून पत्ता घेतला, ह्यांना आणि भावोजींना कळवला आणि रिक्षा करून गेलो. आत्या नदीच्या पुलाजवळ एका पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसलेल्या. हे सगळ्यांच्या आधी ओरडले, "आई, खालती ये सांगितलं होतं ना? इतक्या लांब कशाला आलीस?"

आत्या चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "मी लोकांना नदी विचारली आणि आलंय. नदीपेक्षा खालती अजून काय असतां ता मला सांग!"

* * *

शेवटच्या दिवशी दुपारी आत्यांनी मला बांगड्या घ्यायच्या ठरवल्या. चारमिनारजवळ बांगड्यांची गल्ली आहे, लाखेच्या, खड्यांच्या, बघून डोळे दिपतात. एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे बसलो.

मला माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तो एकेक जोडी हातात चढवत गेला, मी "छान है" म्हणत गेले. कोपरापर्यंत बांगड्या झाल्या. मला घाम फुटला. स्वरा मांडीवर. हे बाहेर उभे राहून भावोजींना शहर समजावतायत.

दुकानदाराने माझा चेहरा बघितला आणि हसून म्हणाला, "अम्मा, नक्को है तो नक्को बोलो ना! शरमाते काइकु?"

मी चमकले. "आत्या, हे मराठी!"

आत्या लगेच पुढे सरकल्या. "कुठल्या गावचं तुमी?"

"यहींच का हूँ माँ. दादा-परदादा यहींच के."

"मग नको कसं म्हणता?"

"हम तो नक्कोच बोलते. आप लोगां क्या बोलते?"

"नको."

"वोईच तो मैं बोला!"

आत्या माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. हे आत आले, त्यांना सांगितलं तर त्यांनाही कळेना. मुंबईत असं नसतं, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दुकानदाराने एक इवलीशी लाल बांगडी काढली आणि स्वराचा हात धरला. तिने हात मागे ओढला. त्याने परत धरला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, मान वर केली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली,

"नक्को!"

स्वच्छ. मोठ्याने. शेजारच्या दुकानातल्या बाईने वळून बघितलं.

मी स्वराला छातीशी ओढलं, तशा कोपरापर्यंतच्या सगळ्या बांगड्या वाजल्या. आत्यांनी तोंडावर हात ठेवला. भावोजी म्हणाले, "बोलली? वैनी, ही बोलली?"

आणि हे काय म्हणाले असतील? "हैदराबादी बोलली!"

"गप रे!" आत्या डोळे पुसत कडाडल्या. "माझी नात मराठी बोलली!"

"आई, दोन क होते. मी ऐकले."

"जोर दिलान म्हणून दोन झाले! तू कवा जोर देऊन बोललास तर कळंल!"

दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "अम्मा, बच्ची हमारी जबान बोली. मेरी दुकान में बोली." आणि शेजारच्या बाईला हाक मारून तिलाही साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, हौ, मी पण ऐकलं, आमच्याच भाषेत! चौघे एकमेकांवर ओरडायला लागले. एक क की दोन क, गल्लीतली माणसं थांबून मत द्यायला लागली.

मी त्यातलं काही ऐकत नव्हते. मी स्वराला उचललं, दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हटलं, "बाय माझी, बोल गो परत. आई म्हण. एकदाच. आ... ई..."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ओठ जुळवले. मोठा श्वास घेतला. मागे भांडणारे सगळे पुढे सरकले.

"नक्को!"